पुरलेल्या पायाची गाडी

कृपादान भिंगारदिव्यांचा डावा पाय दिवेलागणीला दफनभूमीतून उठतो, मिशन कंपाउंडची भिंत ओलांडतो आणि त्यांच्या गाडीत जाऊन बसतो, अशी शेवगावात बोलवा आहे. पानटपरीवाला कानिफनाथ ती डोळे बारीक करून सांगतो. "म्या सोता पाह्यलं. कृपादानचा उजवा पाय ब्रेकवरनं उचललेला, ॲक्सिलेटरला पाय न्हाई, आन गाडी आपली मुंगीवानी पुढं. मंग ढकलतंय कोन?" हे 'कोन' म्हणताना तो आवाज असा खाली नेतो, की गिऱ्हाइकाचं पान चघळायचं राहून जातं.

यातलं पाय पुरलाय एवढं खरं. बाकी असं आहे, की ती गाडी ऑटोमॅटिक. 'डी'वर टाकून ब्रेक सोडला की ती आपली आपण सरकते. तिच्या पोटात दोन क्लच आहेत, ते तीच दाबते आणि तीच सोडते. उठून येऊन दाबावं असं पायाखाली काही नाहीच. मात्र पाय येत नाही, असं छातीवर हात ठेवून खुद्द कृपादानकाकाही म्हणत नाहीत.

काका ट्रकवाले. हंगामात ऊस, एरवी कांदा, वीट, मिळेल ते. त्यांची एक कला होती. घाटात चढावर गाडी थांबली, की क्लच अर्धा सोडून आणि ॲक्सिलेटर जरासा दाबून ते भरलेला ट्रक जागच्या जागी धरायचे. ब्रेकला पाय नाही; गाडी ना पुढे, ना मागे. "हाफ क्लचवर गाडी झुलवायची," ते सांगत, "पाळन्यात ल्योक झुलवावा तशी."

मग एका हंगामात करंजी घाटात त्यांच्या पुढची उसाची ट्रॉली मागे सरकू लागली. "उटी लावा, उटी!" अशी हाक आली. उटी म्हणजे चाकामागे अडकवायचा दगड. काका ट्रकमधून उडी टाकून दगड घेऊन धावले. उटी लागली. पाय मात्र चाकाच्या आणि दगडाच्या मधे राहिला.

दवाखान्यातून तो पाय फडक्यात बांधून मिळाला. मातीचं मातीला द्यायचं, असं काकांच्या आईनं ठणकावलं. पाळकसाहेबांनी छोटीशी प्रार्थना केली आणि पाय दफनभूमीच्या कोपऱ्यात कडुनिंबाखाली गेला. वर नाव नाही, नुसता एक धोंडा. "अर्धं तिकीट काढून ठेवलंय म्या," काका हसून म्हणत. त्यांच्याबरोबर कुणी हसत नसे.

पण पाय गप्प बसेना. थंडी पडली की नसलेल्या अंगठ्याला खाज सुटे. कुणाच्या गाडीत बसले आणि चालकानं गिअर बदलला, की काकांचा तो पाय मातीखालून क्लच दाबे. गुडघ्याखालचा खुंट जयपूर पायाच्या आत थडथड उडे. "डॅनीचे पप्पा, तो आला बघा तुमचा," मरियामावशी म्हणायची. मावशी त्यांची बायको, अंगणवाडीत शिकवते. 'तो' म्हणजे पाय. त्या घरात पायाला असं माणसासारखं बोलतात.

त्यांचा मुलगा डॅनी पुण्याला असतो. त्यानं ही जुनी गाडी घेऊन दिली, लायसन्सवर ऑटोमॅटिकची नोंद करून आणली आणि शेजारी बसून समजावलं. "पप्पा, पायाखाली क्लच नाही. पण आत दोन आहेत. चढावर थांबलात तर गाडी ब्रेकवरच धरायची, ॲक्सिलेटरवर नाही. नाहीतर आत क्लच घासत राहतो, तापतो."

काकांनी पहिलं वाक्य ऐकलं, पुढचं वाऱ्यावर सोडलं. "यात क्लचच न्हाई!" ते गावभर सांगत सुटले.

डॅनीला धास्ती होती. त्यानं अट घातली. "मम्मीला घेऊन एकदा नगरला या. मी तिथं येतो. नीट आलात तर गाडी तुमची. घाटात काही झालं तर मी तिथूनच गाडी पुण्याला नेणार. गिऱ्हाईक तयार आहे."

ट्रक सुटल्यापासून काका चर्चच्या पायरीवर बसून, डोळे मिटून, रस्त्यावरची वाहनं आवाजावरून ओळखत असत. ही गाडी गेली, तर पुन्हा ती पायरी. आणि त्या पायरीवरून दफनभूमीतला कडुनिंब समोरच दिसतो.

निघायच्या सकाळी मी, त्यांची शेजारीण, आमच्या फाटकाशी उभी होते. "आज टोचन करूनच येती बघा गाडी," मी म्हणाले, त्यांच्याच आवाजात; कुणाचीही नक्कल मला जमते. टोचन म्हणजे दुसऱ्या गाडीला दोर बांधून ओढत आणणं. ड्रायव्हरला याहून मोठी शिवी नाही.

"लाव पैज, नकलेबाई," काका म्हणाले आणि हरणाऱ्यानं काय करायचं ते माझ्या कानात सांगितलं. मी हसले. मावशीनं ऐकलं होतं. ती गाडीत बसून काच वर करून मोकळी झाली.

अमरापूर गेलं, तिसगाव गेलं. गाडी कळू न देता आपले गिअर आपण बदलत होती. "लोनी हाय, लोनी," काका म्हणत होते. मावशीच्या मांडीवर डॅनीसाठी भाकरींचं गाठोडं होतं आणि ती त्याची गाठ पुन्हा पुन्हा घट्ट करत होती. पुढे रस्त्यात उसाची टिपरं पडलेली दिसू लागली. आधी एखादं, मग चार, मग चाकाखाली कडाकड मोडण्याइतकी. कुणीतरी मापाबाहेर ऊस भरून पुढे गेलं होतं आणि तो सांडत गेला होता.

घाटाच्या मध्यावर सगळं थांबलं. पुढे दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, मागच्या ट्रॉलीतला ऊस एका अंगाला कललेला. काकांच्या मागे एसटी, नाक अगदी डिकीला लावून. काकांनी नजर वर केली आणि डोंगराचा तो कोपरा ओळखला. मावशीनंही ओळखला. 

मग काकांनी कला काढली. ब्रेकवरचा पाय उचलून ॲक्सिलेटर जरासा दाबला. गाडी चढावर झुलत उभी राहिली.

"बघ. ब्रेकला पाय न्हाई."

"डॅनी काय म्हणाला होता?"

"डॅनी पाळन्यात हुता तवा म्या ह्यो घाट चढवत हुतो."

रांग हलेना. गाडीला बारीक कापरं भरलं, ताप चढायच्या आधी माणसाला भरतं तसं. मग टिंग झालं आणि समोरच्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली. मावशीनं अंगणवाडीतल्यासारखी अक्षरं जोडली. "ट्रान्स... मिशन... हॉट."

"मिशन? आपल्या मिशनला काय झालं?"

"गरम झालंय म्हणे."

आणि वास आला. तो वास काकांना सांगायला कुणी लागत नव्हतं. जळणारी क्लचप्लेट. "क्लच न्हाई, तर जळतंय काय?" ते पुटपुटले, आणि मग वाऱ्यावर सोडलेलं सगळं बोलणं परत कानात आलं. आत दोन आहेत. हाफ क्लच तेच मारत होते, उजव्या पायानं, इतका वेळ.

तेवढ्यात इंजिन ओरडलं, पण ओढ संपली. गाडी वीतभर मागे घसरली. काकांच्या नसलेल्या पायानं क्लच दाबला. पुन्हा दाबला. खुंट थडथडत राहिला आणि पायाखाली नुसती चटई होती.

"ब्रेक!" मावशी किंचाळली.

उजवा पाय ब्रेकवर बसला. गाडी थांबली. काकांनी दांडी न्यूट्रलला आणली. आणि पुढून हाक आली.

"उटी! उटी लावा रे!"

तीच हाक, त्याच वळणावर. ट्रॉली कर्रर्र करत हातभर मागे आली. कुणीतरी दगड घातला. दगड चाकाखालून बी फेकावी तसा उडाला. काकांचा हात दरवाज्याच्या कडीवर गेला होता. मावशीनं ते मनगट धरलं.

"तुम्ही नाही."

"अगं, चाक मोकळं सुटलंय..."

"एकदा गेलात त्या हाकेला. एक आहे मातीत, बास झालं. ब्रेकवरचा पाय उचललात, तर आपली गाडी एसटीवर जाईल."

काकांनी कडी सोडली. खिडकीतून डोकं काढून ओरडले, "मास्तर! एसटी मागं घ्या! ट्रॉली येतीय!"

कंडक्टर शिट्टी घेऊन उडी मारून उतरला. "फुर्र! येऊ द्या... येऊ द्या... फुर्र, फुर्र! ए मोटरसायकल, मरतो का? येऊ द्या..." एसटी इंच इंच उतरू लागली. काकांनी ब्रेक किंचित सैल केला. गाडी मागे सरकली. धरला. सैल केला. गिअर नाही, क्लच नाही, कला नाही. नुसता उतार आणि एक पाय. पुढची ट्रॉलीही येत होती. तिची मागची फळी समोरच्या काचेत मोठी होत होती आणि उसाचे वाळके शेंडे बॉनेटवर झाडू मारल्यासारखे घासत होते.

"हळू," मावशी म्हणत होती. "हळू. हळू."

एसटी मोकळ्या जागेत कडेला झाली, काकांना वाट मिळाली, आणि त्याच क्षणी वर काहीतरी तुटलं. ट्रॉली आडवी झाली. आधी गाडी जिथं उभी होती तिथं उसाचा ढीग कोसळला. ट्रॉलीमागची माणसं आधीच गटारात उड्या टाकून वाचली होती. एक ऊस मात्र गडगडत खाली आला आणि काकांच्या बंपरला टेकून थांबला.

खुंट शांत होता. काकांनी हात लावून पाहिला.

एसटीतल्या लोकांनी ऊस बाजूला ओढेपर्यंत पडद्यावरची लाल अक्षरं विझली. मग काकांनी 'डी' टाकला. पुढची गाडी चांगली लांब जाऊ दिली, थांबायचं तिथं ब्रेक घट्ट दाबून थांबले आणि घाट चढून गेले. 

नगरला डॅनीनं बॉनेटजवळ नाक नेलं. "पप्पा, जळलंय काहीतरी."

"उसाचं पाचट," काका म्हणाले.

"खोटं," मावशी म्हणाली. "क्लच जाळला यांनी. तू सांगितलेलं ऐकलं नाही." काकांची मान खाली गेली. डॅनीनं किल्लीसाठी हात पुढे केला. मावशीनं तो हात तसाच मागे ढकलला. "पण पुन्हा उटीची हाक आली तरी हे ब्रेक सोडून उतरले नाहीत. मी यांच्याच शेजारी बसून परत जाणार. तुला भीती वाटत असेल, तर एसटीनं ये मागून."

 डॅनीनं खिशातली दुसरी किल्ली काढली आणि तिच्या गाठोड्यावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी काका आमच्या फाटकाशी आले, ब्रेकवरचा पाय उचलून, गाडी मुंगीसारखी सरकवत. "शोध गं नकलेबाई, दोर कुठं बांधलाय?"

दोर नव्हता. त्या दिवेलागणीला मी दफनभूमीत गेले. पैज तीच होती: हरले तर कडुनिंबाखालच्या धोंड्याजवळ उभं राहून, काकांच्या आवाजात पायाला निरोप द्यायचा. वारा नव्हता. मी म्हणाले, "गड्या, आता क्लच न्हाई. नीज तू."

पहिल्यांदा माझाच आवाज निघाला, म्हणून परत म्हणावं लागलं.