सानियाची दहावी

मुस्लिम मुलींच्या उन्हाळी शिबिरात मी दरवर्षी मार्गदर्शक म्हणून जाते. आज सकाळी मुली नदीत उतरल्या आणि मला सानिया आठवली. गेल्या वर्षी माझा हात घट्ट धरून ती पोहायला शिकली होती. यंदा पलीकडच्या काठाला जायचं ठरलं होतं, पण तिची दहावी आली आणि सुट्टीतही क्लास लागला. पोरींचं धीट होणं असं अर्ध्यावरच का थांबतं, कुणास ठाऊक.

तेवढ्यात तिचाच फोन आला.

“आपा, नदीला पाणी आहे का?”

मुलींचा गलका तिला ऐकू जाऊ नये म्हणून मी खोलीत जाऊन दार लावलं.

“कमीच आहे गं यंदा.”

“मग ठीक आहे,” ती म्हणाली, पण फोन काही ठेवेना.