दुपारच्या व्यायामाच्या खोट्या सह्या

माझ्या नातीला सेरेब्रल पाल्सी आहे. दुपारी तिच्या पोटऱ्या ताणायच्या आणि तिला आधाराने उभं करायचं, हे काम माझ्याकडे होतं; सकाळचा व्यायाम सून करून घ्यायची. मी जबलपूरच्या फॅक्टरीत तपासणी खात्यात उभा जन्म काढलेला माणूस. फ्रिजवरच्या तक्त्यात रोज 'ठीक' लिहून झोकदार सही ठोकायचो. प्रत्यक्षात पाय ताणला की ती रडायची; मग आम्ही दोघं खव्याची जिलबी खायचो आणि मी घोरायचो.

चार महिन्यांनी दवाखान्यात फिजिओथेरपीवाली दीदी तक्ता पाहून सुनेला म्हणाली, "टाचा अजून टेकत नाहीत. सकाळचा व्यायाम चुकीचा करून राहिल्या का तुम्ही?"

"आजोबा तर झोपतात!" नात म्हणाली.

"काहीही बोलते पोरगी," मी हसून म्हणालो. सून घरी येऊन रडली आणि सकाळी व्यायामाला जास्त वेळ देता यावा म्हणून तिने बिनपगारी रजा टाकली.

आठवडाभर तिची ती ओढाताण पाहिली आणि अखेर खरं सांगितलं.

"शरम नाही वाटली, बाबा?" ती म्हणाली. "माफी नंतर मागा. आधी टाच धरा, मी गुडघा धरते."

नातीने मला हिंदीतून घाण घाण शिव्या घातल्या. मी टाच सोडली नाही.