भगवंताच्या गोठ्याचं पाणी

बडनेऱ्याच्या अलीकडे पार्बताबाईचा दोन एकरांचा मळा. सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणि पालक घ्यावा तर तिच्याकडचाच, असं बाजारात बाया म्हणायच्या. धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून चुलतभाऊ भगवंताचा चाळीस म्हशींचा गोठा होता. सहा वर्षांपूर्वी तो आपणहून पाइप घेऊन आला.

"बाई, गोठा धुतलेलं पाणी वाया जाऊन राहिलं. शेणमूत सारंच आहे त्यात. तुह्या मळ्यात सोडू काय?"

पार्बताबाईला भरून आलं. आईबापामागं माहेरचं म्हणावं असा तोच एक उरला होता.

पहिल्या साली पालक हातभर वाढला. दुसऱ्या साली जमिनीवर पापडी धरू लागली, ओलिताचं पाणी मुरेना. तिसऱ्या साली सांभाराचं बी पापडीखालीच कुजलं आणि वाळलेली ढेकळं कुदळीलाही दाद देईनात. जमिनीला खत कमी पडतंय, असं समजून ती आणखीच पाणी सोडत राहिली.

शेवटी पिशवीभर माती घेऊन ती अकोल्याला तपासणीवाल्याकडे गेली. भगवंताच्या गोठ्याचं पाणी मळ्यात सोडते, हे तिनं सांगितलं. त्यानं एक ढेकूळ पेल्यातल्या पाण्यात टाकलं. ते विरघळलं आणि गढूळपणा काही खाली बसेना.

"सोडियम वाढलंय, मावशी. मातीची छिद्रं बुजली. दुधाची मशीन धुवायचा सोडा, बोअरचं खारं पाणी, सारं गोठ्यातून येतंय. तुमच्या शेजारच्या गोठेवाल्यांना मी तेव्हाच सांगितलं होतं, हे शेतात सोडू नका."

"कधी सांगतलं?"

"चार वर्षं झाली. त्यांचंही वावर असंच झालं होतं."

बसमधून उतरून ती थेट गोठ्यावर गेली. "तुले मालूम होतं?"

भगवंतानं हातातली बादलीही खाली ठेवली नाही. "नालीत सोडलं तर गाववाले भांडत होते. कुठंतरी सोडावंच लागे, बाई."

"माहा मळा कुठंतरी होता काय रे?"

तिनं धुऱ्यावर जाऊन कुऱ्हाडीनं पाइप तोडला.

मग तिनं सोडियम उतरवायला जिप्सम टाकलं, दोन पावसाळे हिरवळीच्या खतासाठी ढेंचा पेरून जमिनीत गाडला. आता विहिरीकडच्या चार वाफ्यांत पाणी मुरतं. बाकीचा मळा अजून दगडासारखाच आहे.

यंदा भगवंताच्या करिश्माचं लग्न झालं. पोरीचा काय दोष, म्हणून पार्बताबाई गेली, अक्षता टाकल्या. भगवंत पाया पडायला वाकला, तेव्हा तिनं पाय मागं घेतले आणि न जेवताच घरी आली.