सोपानसाठी ठेवलेला ट्रिगर

हे मी आजवर कुणाजवळही बोललेलो नाही. बायकोजवळसुद्धा नाही. तुम्हालाच का सांगतोय — ते मलाही नीटसं ठाऊक नाही.

बारामतीत माझा कॉम्प्युटर क्लास आहे. रविवारी सकाळी मी नवख्यांना एका युद्धाच्या गेमचा मिशन एडिटर शिकवायचो. म्हणजे तयार लढाई खेळायची नाही, आपली आपण मांडायची — नकाशावर सैनिक ठेवायचे, त्यांच्या वाटा आखायच्या. सगळी कॉलेजची मुलं. आणि एक तात्या. लोणी भापकरचे, मिल्ट्रीतून रिटायर झालेले, माउस चिमणीचं पिल्लू धरावं तसा धरणारे.

पहिल्याच महिन्यात त्यांनी माझी जिरवली. मी मोठ्या ऐटीत टेकडीच्या माथ्यावर सैनिक मांडून दाखवत होतो. तात्या मागून म्हणाले, "सर, हितं उभं केलं तर एक बी माघारी येनार न्हाय. तुमी गोळीचा आवाज कधी ऐकलाय का?" क्लास खो-खो हसला. मीही हसलो, पण आतून पेटलो होतो. एवढ्याशा गोष्टीवरून? हो. एवढ्याशाच.

तात्यांना एकच मिशन बनवायचं होतं. भिगवणचा सोपान, त्यांचा जोडीदार, चकमकीत जखमी होऊन उघड्यावर पडला होता. तात्या भिंतीआडून त्याला आणायला धावले. ते पोचायच्या आत सोपानवर ग्रेनेड पडला. सोपानच्या पोटातून बाहेर आलेलं सगळं आपण दोन्ही हातांनी आत ढकललं, हे तात्यांनी बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. तेव्हापासून एकच प्रश्न त्यांना खात होता — आपण धावलो म्हणून तो मेला का?

दोन महिने खपून त्यांनी ती जागा दगडन् दगड उभी केली. आणि मी त्यांच्या फाइलमध्ये एक ट्रिगर ठेवला. ट्रिगर म्हणजे खेळताना न दिसणारी अट: तात्या भिंत सोडतील, तेव्हा सोपानवर ग्रेनेड पडेल. ट्रिगरचा धडा मी त्यांना दिलाच नव्हता. पुढच्या रविवारी, पुढच्या रविवारी करत टाळत होतो.

तात्या खेळायला बसले. धावले — स्फोट. सरपटत गेले — स्फोट. आडोशाला धूर सोडून गेले, तरी सोपानच्या चिंधड्या. भिंतीआड बसून राहिले की मात्र सोपान जिवंत. अकरा वेळा मी हे मागे उभा राहून पाहिलं. बाराव्या वेळी त्यांनी स्क्रीनवर मूठ हाणली. बोटांत काचा घुसल्या, कीबोर्डवर रक्त गळायला लागलं.

"म्हंजी मीच मारला," ते म्हणाले.

खोटं आहे तात्या, माझी करणी आहे — एवढंच म्हणायचं होतं ना? मी म्हणालो, "गेम आहे हो तात्या." आणि कापूस आणून दिला. आणि खरं सांगू? बरं वाटत होतं मला.

तात्या दर दिवाळीला भिगवणला सोपानच्या आईकडं फराळ घेऊन जायचे. त्या दिवाळीला त्यांनी तिला सांगून टाकलं, तुमचा लेक माझ्यामुळं गेला. म्हातारी मासे साफ करत बसली होती. तिनं हातातला सुरा फेकून मारला. कपाळ भुवईपासून केसांपर्यंत फाटलं. टाके दाखवत तात्या मला म्हणाले, "लय हळू मारला वो तिनं." तेव्हाही ट्रिगरचं मी सांगितलं नाही. त्यानंतर ते ना भिगवणला गेले, ना क्लासला आले.

पुढं एका दुपारी मी तो ट्रिगर काढला आणि ते मिशन खेळलो. भिंत सोडली, सरळ धावलो, सोपानला खांद्यावर घेऊन माघारी आलो. पाच वेळा खेळलो. पाचही वेळा सोपान वाचला.

ती फाइल माझ्याकडं आहे. तात्या लोणी भापकरलाच असतात. स्टँडवर भेटले की आधी तेच हात जोडतात — "रामराम, सर."