भूगोलाचं कव्हर

नारायणगुड्यातल्या दुकानदारानं विचारलं, "कव्हर में डालूं क्या, अम्मा?" इथं प्लास्टिकच्या पिशवीलाही कव्हरच म्हणतात, पण मला आठवलं ते पुस्तकांचं, खळीचा वास येणारं खाकी कव्हर. मी सातवीत होते. त्या वर्षी कुकटपल्लीच्या कारखान्यात बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं मशीनमध्ये गेली, तरी माझ्या पुस्तकांना कव्हरं त्यांनीच घातली. कोपरे फुगलेले, घड्या वाकड्या. मैत्रिणी हसतील म्हणून भूगोलाचं कव्हर मी शाळेतच फाडून टाकलं. संध्याकाळी बाबांनी ते बिनकव्हरचं पुस्तक पाहिलं. "निघालं का गं? माझंच ढिलं बसलं होतं. आण, पुन्हा घालतो," म्हणाले आणि मांडी घालून बसले. मी पुस्तक आणि खळीची वाटी त्यांच्यापुढे ठेवली. आता बाबा नाहीत. पुस्तक आहे, दुसऱ्यांदा घातलेलं कव्हर पहिल्यापेक्षाही वाकडं आहे.