बाराला सांगितलेलं टेबल

बाळासो गावच्या दूध संस्थेत दुधाची फॅट तपासायचं काम करतो, त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. कुणी पाव तांब्या पाणी घातलं तरी दुधाच्या रंगावरनं ओळखणारा माणूस. अशा माणसाच्या थोरल्या लेकीच्या लग्नात मुलाकडच्या पंगतीला मठ्ठा संपला. झालं! कराडकडचे व्याही हंबीरराव गेली दोन वर्षं चारचौघांत एकच विचारत होते, "पावणं, तुमच्या संस्थेत दूध येतंय न्हवं?" लोक हसायचे आणि लेक वर्षाराणी मान खाली घालून उभी राहायची.

तेच हंबीरराव आखाडातल्या शेवटच्या रविवारी घरची दहा माणसं घेऊन अंबाबाईला येणार होते. बाळासोनं ठरवलं, कोल्हापुरातच गाठायचं आणि मटणाचं असं जेवण घालायचं की मठ्ठ्याचं नाव पुन्हा निघता कामा नये.

जागा शोधायचं काम धाकट्या लेकीकडं, स्नेहलकडं. ती शाहूपुरीत नोकरीला. तिनं चार नावाजलेल्या ठिकाणी फोन लावले. सगळीकडं एकच उत्तर. "आखाड हाय, मॅडम. बुकिंग न्हाय. या आन नंबर लावा." पाचवं हॉटेल कसबा बावड्याच्या अंगाला नवंच उघडलेलं. तिथल्या मॅनेजरनं दुसऱ्या वाक्याला तेरा माणसांचं टेबल दिलं, दुपारी दोनचं.

"एवढ्या पटकन दिलं?" बाळासोला काही हे पटेना. त्यानं परस्पर हॉटेलला फोन केला. त्याचं गणित गावचं होतं. आचाऱ्याला बारा सांगायचं, तेव्हा कुठं दोनला पहिली पंगत बसते. दोन सांगितलं की चारला पानं मांडतात.

"दोन न्हवं, बारा लिवा," तो म्हणाला.

"बारा. चालेल, काका."

स्नेहलला सांगायची त्याला गरज वाटली नाही.

रविवारी देवीच्या रांगेतच एक वाजला. दोन गाड्या हॉटेलसमोर लागल्या तेव्हा दोनला दहा मिनिटं कमी होती. बाळासो खूश. एकदम वेळेवर! पण दारात ही गर्दी.

मॅनेजरनं वही बघितली. "काका, टेबल सव्वाबारापर्यंत राखलं. तीनदा फोन केला तुम्हाला."

बाळासोनं मोबाईल काढला. देवळात आवाज बंद केलेला, तो तसाच.

"बाराचं कसं? मी दोनचं केलतं की!" स्नेहल ओरडली.

"म्हणून तर मी बाराचं केलं. दोन सांगितलं की चारला वाढत्यात."

"आण्णा, ह्यो काय लग्नातला आचारी हाय व्हय?"

लग्नाचं नाव नको तिथं निघालं. हंबीरराव नुसते गालात हसले. ते जास्त लागलं.

हातात सत्तेचाळीस नंबरची चिठ्ठी आली. आत बारावा नंबर बसत होता. बाळासो मॅनेजरच्या मागं लागला. "आरं, व्याही आल्यात कराडचं! बघ की कायतरी."

"काका, आज सगळ्यांचेच व्याही आल्यात."

मग बाळासो आत घुसला आणि बडीशेप चघळत बसलेल्या एका कुटुंबाच्या डोक्यावर जाऊन उभा राहिला. त्यांनी त्याच्याकडं बघून आइस्क्रीम मागवलं.

तीन वाजले. नंबर एकोणीसवर. हंबीररावांना साखरेचा आजार, हात थरथरायला लागले. त्यांच्या बायकोनं गाडीतनं पिशवी काढली. नवऱ्याच्या आजारापायी ती बिनभाकरीची घराबाहेर पडत नसे, आणि एकट्यापुरतं बांधायची तिला सवय नव्हती. बॉनेटवर वर्तमानपत्र पसरलं. चवड भाकरीची, झुणका, शेंगदाण्याची चटणी. माणसं उभ्या उभ्याच जेवायला लागली. रांगेतले लोक वळून बघत होते.

चार घास पोटात गेल्यावर हंबीररावांना तरतरी आली. "या की पावणं," त्यांनी रस्ताभर ऐकू जाईल अशी हाक मारली. "लाजू नका. आमच्याकडं टेबल बुक करावं लागत न्हाय."

सगळे हसले. वर्षाराणी तेवढी हसली नाही. तिनं भाकरीवर झुणका घातला आणि वर न बघता बापापुढं धरला.

नको म्हणायची सोय नव्हती. बाळासोच्या पोटात पहाटेपासनं चहाशिवाय काही नव्हतं. तो व्याह्याच्या गाडीला टेकून, व्याह्याचं अन्न खात उभा राहिला. झुणका झकास झाला होता. त्याचाच त्याला सगळ्यात जास्त राग आला.