न केलेली तपासणी

दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीत मी एकोणीस वर्षं चुका शोधतोय. दुसऱ्यांच्या. स्वतःची एक चूक चार वर्षांपूर्वीच सापडली होती. तिच्याबद्दल मात्र घरातसुद्धा बोललो नाही.

आमचं काम बाहेरच्यांना वाटतं तितकं हुशारीचं नाही. प्रोग्रामरनी काही बदललं की जुन्या सगळ्या तपासण्या पुन्हा करायच्या. पेशंट भरती करा, खाट बदला, औषध लिहा, घरी सोडा. यादीत अशा शेकडो ओळी, आणि प्रत्येकीपुढे पास किंवा फेल लिहायचं. जी ओळ वर्षानुवर्षं पास होत आली, ती कोणी चालवून बघत नसे. एक्सेलमध्ये वरच्या चौकटीत ‘पास’ लिहायचं, कोपरा माउसने पकडायचा आणि खाली ओढत न्यायचं. याला आम्ही ओढणंच म्हणायचो. शेजारचा सहकारी विचारायचा, “किती ओढल्या, राव?” मी म्हणायचो, “पार तळापर्यंत, विहीर आटली.” हसायचो. टीमचा प्रमुख मी होतो. थांबवायचं तर मीच.

त्यातली एक ओळ अशी: एखाद्या औषधाची ॲलर्जी असलेला पेशंट दुसऱ्या वॉर्डात हलवा, तिथल्या स्क्रीनवर त्याच्या नावाखाली लाल पट्टी दिसली पाहिजे. त्या खेपेला बदल खाटांच्याच भागात झाला होता. मला ते माहीत होतं. तरी ती ओळ मी ओढली. घाई नव्हती, कोणी मागे लागलं नव्हतं. कंटाळा आला होता, एवढंच.

तीन आठवड्यांनी तळेगावच्या एका हॉस्पिटलातून फोन आला. वॉर्ड बदललेल्या एका आजीबाईंना त्यांना न चालणारं इंजेक्शन दिलं गेलं होतं. अंगभर गांधी उठल्या, दम लागला. दोन दिवस आयसीयूत काढून त्या घरी गेल्या, सुदैवाने. इंजेक्शन देणाऱ्या सिस्टर म्हणत होत्या, स्क्रीनवर पट्टी नव्हतीच. कागदी केसपेपर बंद झाले होते, तेही आमच्याच सल्ल्याने. खुलासा द्यायला मी गेलो, माझ्याच सहीचा रिपोर्ट घेऊन.

मेट्रनच्या खोलीत त्या सिस्टर उभ्या होत्या. चाकणजवळच्या कुठल्याशा गावच्या, तिशीच्या. “सर, तुम्हीच बघता ना हे? पट्टी नव्हती तिथं. मी काय आंधळी न्हाई.”

मेट्रनने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “तपासलेलं आहे.”

परत चिंचवडला येऊन ती तपासणी पहिल्यांदा चालवली. चार मिनिटं लागली. खाट बदलली, पट्टी गेली. दोष ऑफिसातच सापडला अशी नोंद मी केली, दुरुस्ती सगळ्या हॉस्पिटलांना गेली, सोबत एक ओळ: किरकोळ सुधारणा. तळेगावला मी काहीच कळवलं नाही. सिस्टरना निष्काळजीपणाचा मेमो मिळाला आणि दोन महिन्यांनी त्यांनी नोकरी सोडली, असं कानावर आलं. बायको विचारायची, गप्प का असता हल्ली? मी म्हणायचो, ॲसिडिटी.

यंदा कारखान्यांमधल्या दवाखान्यांसाठीही आमचं सॉफ्टवेअर निघालं. ते दाखवायला चाकणच्या एका कारखान्यात गेलो, तर फर्स्ट एड रूममध्ये त्याच सिस्टर एका कामगाराचं बोट बांधत होत्या.

“ओळखलं का, सर?”

“हो.”

“इथंबी तुमचंच येणार का?” मग कामगाराला म्हणाल्या, “भाऊ, बोट वर धरून जा. काय राहिलं असंल तर हे सर तपासतील.”

तो हसत गेला. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. त्या ट्रेमधल्या कात्र्या पुसत राहिल्या.

“मला वाटलं, मीच बघितलं नसंल,” म्हणाल्या. “सगळेच म्हणाले तसं. मग मीबी म्हणायला लागले. मोठ्या हॉस्पिटलात तीनदा मुलाखत झाली. जुन्या ठिकाणी फोन करतात, मेमो निघतो, संपलं.”

“मी तिथे जाऊन बोलतो.”

“बोलू नका. तेव्हाचा कागद सहीचा होता ना? हाबी सहीचा द्या.”

त्यांनी रजिस्टरमधलं कोरं पान फाडून दिलं. मी सवयीने लिहिलं, ‘पट्टी दिसली नसण्याची शक्यता आहे.’ त्यांनी वाचलं.

“शक्यता कशाला? तुम्ही बघितलंय ना?”

“बघितलंय.”

“मग तसं लिहा.”

दुसरं पान घेतलं. तपासणी मी केली नव्हती, तरी रिपोर्टमध्ये केली असं लिहिलं होतं. नंतर केली, तेव्हा पट्टी नाहीशी झाली. सिस्टर खरं सांगत होत्या. खाली पूर्ण नाव, हुद्दा, सही. त्यांनी त्याच्या दोन प्रती करायला लावल्या. “एक माझ्याकडं. दुसरी तुम्ही स्वतः तळेगावला नेऊन द्या. आणि पोच घ्या.”

दुसऱ्या दिवशी गेलो. मेट्रन बदलल्या होत्या. आवक खिडकीवरच्या क्लार्कने न वाचताच शिक्का मारला. मी त्याला म्हणालो, वाचा आणि आजच वर द्या. आमच्या कंपनीच्या मॅनेजरनाही तेच मेल केलं. त्यांचा लगेच फोन आला, “हे आता कशाला उकरताय?” पुढच्या आठवड्यात एचआरसमोर बसायचं आहे.

पोचेचा फोटो सिस्टरना व्हॉट्सॲपवर पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे त्यांनी बघितला.